कमलच्या फोनला चालेल असं

मंगळवार, संध्याकाळ

आज लेकीशी भांडले आणि जिंकले, म्हणून स्वयंपाक बाजूला ठेवून आधी हे लिहिते.

धाकटी जाऊ कमल फुलंब्रीला असते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि डोळ्यात थेंब घालायचं रोज विसरते. निवृत्तीनंतर मी हौसेनं ॲप बनवायला शिकले. म्हटलं, वेळ झाली की फोनच माझ्या आवाजात तिला सांगेल. सकाळी पाठवलं, तर तिच्या फोननं घेतलंच नाही. म्हणे फोन जुना!

तेजू पुण्याहून म्हणते, "आई, प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये ॲपला लागणाऱ्या किमान अँड्रॉइडचा आकडा नवाच ठेवतात. तसले फोन आता कोण वापरतं?"

"तुझी काकू वापरते."

"मग काकूला नवा फोन घेऊन दे ना."

म्हणजे सेटिंगमधला एक आकडा बदलायचा नाही, माणसानं फोन बदलायचा? कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचल्याशिवाय पुढची ओळ वाचू देत नसत. या पोरींना कोणी काही शिकवलं की नाही?

आकडा खाली आणला. लगेच स्क्रीनवर लाल चुकांची रांग. नव्या फोनसाठीचा नखरेल भाग काढून टाकला, आकडा मात्र परत वर नेला नाही. चाललं! पुन्हा पाठवलं, कमलच्या सुनेनं फोनमध्ये टाकलं.

आत्ताच कमलचा फोन. "अक्का, लई वरडता बाई तुम्ही! दारातली म्हैस बी दचकली."

"थेंब घातले का?"

"घातले की. न घालून जाते कुठं? तुम्ही तर पार घरातच येऊन बसल्या."