मुलुंडचं स्थळ आणि गाडीचा नवा पंप

विक्रोळी, नोव्हेंबर १९८३

चि. गुणाजीस,

ताईचे आशीर्वाद. (रीत म्हणून देते आहे, फार खूश होऊ नकोस.) तू, विमला आणि मुलं बरी असालच. इथे आम्ही तिघं जिवंत आहोत, पण त्यात तुझा काही हात नाही.

ह्यांची ती बिनटपाची जुनी विलायती गाडी उन्हात तापली की वाटेत बंद पडायची, हे कबूल. बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं ठेवायचं, गार झाला की निघायचं. आमचं काही अडलं होतं का? पण तू दिवाळीला आलास आणि तोंडात चकली असतानाच म्हणालास, "भावोजी, हा पंप म्हातारा झाला. विजेवरचा टाकू, झकास पळेल!" गाडीबद्दल कुणी गोड बोललं की हे घरसुद्धा लिहून देतील. नवा पंप तू मागे टाकीजवळ बसवलास आणि त्याची वायर हाताला लागली त्या वायरीला जोडलीस. मेल्या, ती हॉर्नची होती! म्हणजे हॉर्न वाजेल तेव्हाच पंप पेट्रोल ढकलणार. तुला कळणार कसं? कॉलनीत चक्कर मारलीस तेव्हा तुझा हात सारखा हॉर्नवर. (टेम्पो चालवून ती खोडच लागली आहे तुला, रिकाम्या रस्त्यावरही वाजवतोस.) आणि ह्यांनी जन्मात कुणाला हॉर्न दिलेला नाही. पुढे गाय बसली तर ती उठेपर्यंत थांबतात.

तू गेल्यापासून गाडी जागची हलली नव्हती. काल टीव्हीवरचा सिनेमा सोडून क्षमाला घेऊन मुलाचं घर बघायला मुलुंडला निघालो. किती खेटे घातल्यावर हे एक चांगलं स्थळ आलेलं! कांजूरला गाडी बंद. मी संतापून हॉर्न दाबून धरला, ह्यांनी सेल्फ मारला, तर लागली चालायला! हात काढला की थोड्या वेळाने आचके. मग काय, हे चालवतायत आणि मी शेजारून वाकून हॉर्न दाबतेय. भांडुपला पुढे मयत चाललेली, आणि मागून आमचं हे वाजंत्री. प्रेताला सोडून लोक माझ्याकडे बघत होते. नवी साडी नेसले होते रे मी!

मुलुंडला अख्खी बिल्डिंग गॅलरीत. मुलाचे वडील खाली आले, नमस्कार नाही की 'बसा' नाही. म्हणाले, "एवढा बोभाटा करणाऱ्या घरची मुलगी आम्हांला झेपायची नाही." क्षमाचे डोळे भरून आले. तुझ्या लाडक्या भाचीचं लग्न तू मोडलंस, गुणाजी. मला पुन्हा तोंड दाखवू नकोस.

तुझी (इलाज नाही म्हणून),
नलूताई

ता. क. पत्र पोस्टात टाकायचं राहून गेलं. मध्यंतरी तो मुलगा, चंद्रप्रकाश, वडिलांच्या बोलण्याची माफी मागायला स्वतः आला. गाडीखाली शिरून वायर नीट जोडून दिली. क्षमा टॉर्च धरून बसली होती. आता वडीलही नरमले आहेत आणि साखरपुडा ठरला.

आणखी एक. गाडी आता गुपचूप चालते. संध्याकाळ झाली की "पंप तपासून येतो" म्हणून दोघं निघतात. कधी गेली, कधी आली, स्वयंपाकघरात मला पत्ता लागत नाही, आणि ह्यांना सांगावं तर हे नुसते हसतात. लग्न व्हायचंय अजून! तेव्हा रविवारी जेवायलाच ये, आणि कुणाला न सांगता ती वायर परत हॉर्नला जोडून जा.