रिठ्यात धुतलेले घड्याळ

मखमलाबाद, नाशिक
९ नोव्हेंबर १९९७

ती. आक्काच्या पायांवर डोके ठेवून धाकट्या सावळीरामचा सा. न. वि. वि.

तुझे पत्र दसऱ्याला आले आणि उत्तर आज लिहितो आहे, माफ कर. शेवंतीचा हंगाम होता असे लिहिणार होतो, पण ते खरे नाही. लाज वाटत होती.

महेशच्या साखरपुड्यात विंचूरच्या व्याह्यांनी पाच पिढ्यांची नथ दाखवली, ते तुला आठवत असेल. सगळे माझ्याकडे बघू लागले. आपल्याकडे पिढीजात काय, तर बाबांचे खुरपे. मी बोलून गेलो की आमच्यात आजोबांपासूनचे सोन्याचे मनगटी घड्याळ आहे, ते नातवाला मांडवात देणार. तू तेव्हा तोंडाला पदर लावलास, ते मी पाहिले.

मग जुने घड्याळ शोधणे आले. पंचवटीतल्या ढुंढिराज गुरुजींकडे चाळीस वर्षे आपली फुलांची पुडी जाते. त्यांच्या वडिलांना एका यजमानाने सोन्याचे, चावीचे मनगटी घड्याळ दिले होते. गुरुजींचा विश्वेश परदेशात, त्याला ते नको. गुरुजी म्हणाले, सावळीराम, आठ दिवस घरी ने, जाणत्यांना दाखव, मन भरले तर ठरल्या किमतीला घे. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. वडिलांच्या फोटोपुढून उचलून रुमालात बांधून दिले.

सराफाने कसोटीच्या दगडावर कड घासली, सोने खरे निघाले. यादव घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून मागचे झाकण उघडले. आतून बारीक तारखा टोचलेल्या होत्या. दुरुस्त करणारा प्रत्येक जण आपली खूण आत ठेवतो म्हणे. १९४८, १९५६, १९७१. म्हणाले, यंत्र अस्सल, तबकडी मूळची, पिवळी पडली तरी तिला कापडसुद्धा लावू नका. दोनदा बजावले.

आक्का, मी ऐकले, पण पटले नाही. लग्नात असले मळकट घड्याळ कसे द्यायचे? सणाला आपण गळ्यातल्या सोन्याच्या पुतळ्या धुतो तसे ते तासभर रिठ्याच्या पाण्यात ठेवले आणि दाताच्या ब्रशने घासले. सोने लखलखले. तबकडीवरचे आकडे मात्र पाण्यात उतरले आणि काटे थांबले.

 तसेच रुमालात बांधून परत नेले. गुरुजींनी विचारले, का रे, नको? माझ्या तोंडून निघाले की सराफ म्हणतो, सोने नाही, मुलामा आहे. गुरुजींच्या घरच्या शैलावहिनी आतून म्हणाल्या, मी पहिल्यापासून सांगत होते, ते सोने नाही. गुरुजींनी फोटोकडे पाहिले. मग म्हणाले, म्हणजे वडील जन्मभर आम्हाला खोटेच सांगत आले. रुमाल न सोडताच त्यांनी ते जुन्या पंचांगांच्या पेटीत टाकले. फोटोपुढे नाही ठेवले.

आता मी पुडी कडीला अडकवून मागे फिरतो. महेशला यातले काही ठाऊक नाही. तू मोठी आहेस, काय करू ते सांग. राग धर, पण माया सोडू नकोस.

तुझा,
सावळीराम


सिन्नर
१७ नोव्हेंबर १९९७

चि. सावळीराम यास नवसाबाईचा आशीर्वाद.

मी सांगते आहे आणि आमची मंजुषा लिहिते आहे, म्हणून शिव्या गाळल्या आहेत.

लहानपणी तू मांजराला हौदात बुचकळलेस, ते पळून गेले, आणि दार आक्काने उघडे टाकले असे आईला सांगितलेस. मार मी खाल्ला. साठ वर्षे झाली, तुझी धुण्याची खोड गेली नाही आणि दुसऱ्यावर ढकलण्याचीही नाही.

घड्याळ बिघडले ते बिघडले. म्हाताऱ्या माणसाकडून चूक होते. पण मेलेल्या माणसाला तू खोटारडा ठरवलेस. तो बिचारा फोटोतून उठून सांगायला येणार आहे का, की माझे सोने खरे होते? रिठ्याने सोने उजळते, तोंड नाही.

तोंडाने बोलवत नसेल तर गुरुजींना लिही, पण आठवड्याच्या आत. नाहीतर मी एस.टी.त बसून स्वतः पंचवटीत जाईन. गुडघे दुखतात, तरी जाईन. आणि बाबांच्या खुरप्याला नावे ठेवू नकोस, त्यावरच तू वाढलास. सूनबाईला आशीर्वाद. जपून राहा.

तुझी,
आक्का


मखमलाबाद, नाशिक
२२ नोव्हेंबर १९९७

रा. रा. ढुंढिराज गुरुजी यांस सावळीरामचा, समोर उभे राहायचा धीर नाही म्हणून लांबूनच, कृ. सा. न. वि. वि.

हे पत्र फार उशिरा लिहितो आहे. आज पुडीतच ठेवले आहे. फुले देवाला वाहा, मग वाचा.

गुरुजी, घड्याळाचे सोने खरे आहे. सराफाने कस लावून तसे सांगितले होते. तुमचे वडील खरे बोलले, खोटे मी बोललो. यादवांनी बजावूनही मी ते रिठ्यात धुतले आणि घालवले. ते झाकायला मुलामा म्हणालो. रुमाल सोडलात तर तबकडी कोरी दिसेल. एवढे मात्र शैलावहिनींना वाचून दाखवा, आणि पेटीतून काढून ते पुन्हा वडिलांपुढे ठेवा.

काल यादवांकडे जाऊन सगळे सांगितले. ते इतके चिडले की भिंगही काढले नाही, एका मोठ्या डोळ्याने माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, यंत्र साफ करून चालू करता येईल, आकडे परत येणार नाहीत. आणि काम केले की रिवाजाप्रमाणे झाकणात तारीख टोचावी लागेल. मी म्हटले, टोचा.

तुमची परवानगी असेल तर ठरलेल्या किमतीलाच ते घेतो. मांडवात महेशच्या हातात देताना विंचूरकरांसमोर सांगेन की हे आमच्या आजोबांचे नाही, ढुंढिराज गुरुजींच्या वडिलांचे आहे, आणि आतली शेवटची तारीख तुझ्या आजोबाच्या चुकीची आहे. त्याला निदान तेवढे तरी माझ्याकडून खरे मिळेल. द्यायचे नसेल तरी दुरुस्ती मला करू द्या.

उद्यापासून पुडी कडीला अडकवणार नाही. पायरीवर बसून राहीन. दार उघडायचे नसेल तर उघडू नका, पण हो की नाही, एवढे एका ओळीने लवकर कळवा, गुरुजी.

आपला अपराधी,
सावळीराम