भर उन्हातला बल्ब

ती. मामा,
तुमच्या सुनेचा, मंगलचा, नमस्कार.

सासऱ्याला पत्र लिहायची आपल्याकडे रीत नाही, गेलेल्या सासऱ्याला तर नाहीच नाही. पण परवा तुमची वेल्डिंगची मशीन तुमच्यामाघारी पहिल्यांदा चालली, आणि ती माझ्या हातून चालली. हे तुम्हाला नाही तर कुणाला सांगू? खरं तर सांगायचं थोडं आहे, विचारायचंच जास्त आहे.

आधी तो बल्ब. शेतात लाइट नसते म्हणून तुम्ही जनरेटर टेम्पोत टाकून बांधावर न्यायचात आणि कुणाची ट्रॉली, कुणाचा वखर जोडून द्यायचात, हे मला समजत होतं. पण जनरेटर सुरू झाला की मशीनच्याही आधी तुम्ही त्याला एक जुन्या पद्धतीचा मोठा पिवळा बल्ब लावायचात. डोक्यावर ऊन तापलेलं असताना! कशाला, असं मी किती वेळा विचारलं असेल. तुमचं उत्तर ठरलेलं, "ऱ्हाऊ दे. उजेड पडतो." एवढ्या उन्हात कसला उजेड, मामा? मला राग यायचा आणि आत्याबाई, सासूच त्या, म्हणायच्या, या पोरीला प्रश्नांची खाजच आहे.

तसे तुम्ही हातचं राखणारे नव्हतात. मला डोळ्यांपुढं धरायची काळी काच दिलीत, कांडी पकडायचा होल्डर दिलात, अंगणात भंगारातल्या पट्ट्यांवर टाके मारू दिलेत. टाका फुगला की चिमणीनं घरटं केलं म्हणून हसायचात. पण कसं करायचं ते दाखवायचात, का करायचं ते कधी सांगितलं नाहीत. हे काय वागणं झालं?

तुम्ही गेलात आणि तुमच्या चिरंजीवांनी मशीन न् जनरेटर विकायचं काढलं. गंजत पडण्यापेक्षा कुणाच्या तरी कामी येईल, म्हणाले. झरीचा एक जण रविवारी बघायला येणार, हेही ठरवून आले. मी म्हटलं, मी चालवते. ते हसले नाहीत, एवढं बरं. पण घरी पट्टीला टाके मारणं वेगळं आणि लोकांचं काम वेगळं, असं त्यांचं म्हणणं. मग मीच बोलून बसले, रविवारच्या आत एक काम करून दाखवते, नाही जमलं तर खुशाल विका.

काम दारात चालून आलं. मेंढरंवाले सोपानराव आपल्या शिवारात उतरलेत. मेंढरं कोंडायच्या जाळीचं लोखंडी फाटक बिजागरीतून तुटलं म्हणून ते तुम्हालाच शोधत आले होते. तुम्ही नाही हे त्यांना ठाऊकच नव्हतं. कळलं तेव्हा दारातच बसले. मी म्हटलं, फाटक मी जोडून देते.

शुक्रवारी दुपारी तुमचे चिरंजीव आणि मी टेम्पो घेऊन गेलो. चिरंजीवांनी दोरी ओढली, जनरेटर पहिल्याच झटक्यात सुरू. मी त्याला जरा गरम होऊ दिलं, वायर सगळी उलगडून मोकळी सोडली, वितळून टाका भरणारी कांडी बारीकच घेतली. बल्बही लावला, का ते माहीत नसताना! मग काच धरून कांडी टेकवली. ती नुसती फुर्र करून विझली. पुन्हा टेकवली तर लोखंडाला चिकटून बसली. असं किती वेळ चाललं. चिरंजीव म्हणाले, जनरेटरमध्ये दम उरला नाही.

सोपानराव शांतपणे म्हणाले, "मशीन दुखवट्यात हाय, माय. धन्याचा हात वळखती ती. तिला तरास देऊ नगं."

मला रडूच यायला लागलं. दुखवटा काय तिलाच आहे का?

डोळे पुसले आणि बल्बकडे लक्ष गेलं. तुमच्या वेळी ठिणगी धरली की तो जरा मंद व्हायचा, कांडी उचलली की पुन्हा उजळायचा. इथे मी कांडी घासतेय आणि हा पठ्ठ्या ढिम्म! म्हणजे जनरेटर दमला नव्हता, त्याच्यावर ओझंच पडत नव्हतं. वीज निघायला तयार होती, तिची वाट कुठंतरी अडली होती. मी जनरेटर बंद केला आणि वायरी तपासत निघाले. होल्डर ठीक होता. मग फाटकाला लावलेला अर्थिंगचा चिमटा काढून उघडला.

मामा, त्याच्या जबड्यात शेंदूर होता! तेलात कालवलेला, वाळून खपली धरलेला. लोखंडाला लोखंड टेकतच नव्हतं.

खंडेनवमीला तुम्ही मशीनला हळदीकुंकवाचं एक बोट लावायचात. यंदा पूजेला आत्याबाई बसल्या. तुमच्या हयातीत त्यांनी मशीनला कधी हात लावला नव्हता. यंदा मारुतीला चढवावा तसा शेंदूर त्यांनी जनरेटरला लावला, मशीनला लावला, आणि वासराला औषध पाजताना तोंड उघडतात तसा चिमटा उघडून आतूनही लावला. मी शेजारी ताट धरून उभी होते. त्या दिवशी त्यांचा हात कोण धरणार?

तो शेंदूर मला कानशीनं खरवडावा लागला. कुणाच्या कपाळावरचं पुसतेय असं वाटलं, खोटं कशाला बोलू. लोखंड चकाकलं तशी थांबले. जनरेटर लावला, कांडी टेकवली, बल्ब मंद झाला आणि ठिणगी धरली! टाका काही देखणा नाही, फुगलाय. पण सोपानराव फाटकाला लटकले आणि ते हललं नाही.

तर मामा, बल्बचं हेच होतं का? तो जनरेटरची नाडी दाखवायचा? की कांडी उचलल्यावर जनरेटर एकदम मोकळा होऊन उधळू नये, म्हणून त्याच्यावर थोडं ओझं कायम ठेवायचं? की दोन्ही? की तुमच्या वस्तादानं लावला म्हणून तुम्ही लावलात आणि तुम्हालाही ठाऊक नव्हतं? हा शेवटचा संशय मला फार आवडतो, राग मानू नका.

शेंदूर खरवडल्याचं आत्याबाईंना भीत भीत सांगितलं. आज झरीचा माणूस आला. चिरंजीव अजून बघू, बघू करत होते, तेवढ्यात आत्याबाई ओसरीवरून म्हणाल्या, "मशीन इकायची न्हाई. मोडतोड असंल तर घिऊन ये, माजी सून जोडून देती." तो चहा पिऊन गेला. चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिलं आणि जनरेटर आत लोटायला उठले.

मग आत्याबाई माझ्याजवळ आल्या, इकडंतिकडं पाहून हळूच विचारलं, "मंगल, त्या काचातून ते कसं दिसतंय गं?"

मी चाटच पडले. ठिणगी पाडायच्या आधी तुम्ही "तोंड फिरवा" म्हणायचात आणि त्या अख्खा संसार भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांनाही बघायचं होतं, मामा. तुम्हाला कधी कळलंच नाही?

आपल्याकडे काचा दोन आहेत. उद्या सकाळी अंगणात एक पट्टी मांडते, एक काच मी घेईन, दुसरी त्यांच्या हातात देईन. आणि त्या जे काही विचारतील, ते मला येत असेल तेवढं सांगेन, हा माझा शब्द.

तुमची सून,
मंगल