'ओन्ली' कोणाखाली टांगावा

मी, कुमारी अहल्या बिंदुमाधवराव, वय सव्वीस, हायस्कुलात इंग्रजीची शिक्षिका, राहणार बसवनगुडी, बंगळूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहिते. येत्या सोमवारी माझ्या हृदयाच्या झडपेवर शस्त्रक्रिया आहे. हृदय कमजोर आहे, डोके नाही. दोन्हीबद्दल डॉक्टरांनी लिहून दिले आहे.

हे मराठीत आहे म्हणून त्रिविक्रमकाका हसतील. त्यांच्या मते कोर्टाला इंग्रजीच कळते. माझे वडील अण्णा, टपाल खात्यातले कारकून, यांचेही मत तेच होते. त्यामुळे मनात मराठी वाक्य धरून त्यांनी आपले मृत्युपत्र इंग्रजीत लिहिले: 'आय गिव्ह माय हाउस टु माय डॉटर्स ओन्ली फॉर देअर एज्युकेशन.' त्याखाली एकच ओळ: बाकी सर्व माझ्या भावाला.

अण्णांच्या मनात होते, 'घर मुलींनाच, त्यांच्या शिक्षणासाठी.' काकांनी वाचले, 'घर मुलींना, शिक्षणापुरतेच.' अण्णा गेल्यावर मी बी.ए. झाले, घरातली पहिली पदवीधर. तोंडातला पेढा गिळायच्या आत काका म्हणाले, "सरी, छान, अहल्या! शिक्षण संपलं. तुझा अर्धा भाग आता माझ्याकडे."

त्याच आठवड्यात मी एम.ए.ला नाव घातले.

शिवाय, शाळेत मिस रिबेरोंनी शिकवली होती तशी त्या वाक्याची आकृती मी वकिलांच्या कचेरीत काढून दाखवली. एक आडवी रेघ, तिला छेदणारी उभी रेघ. डावीकडे कर्ता, उजवीकडे क्रियापद. आणि जो शब्द ज्याचा, तो त्याच्याच खाली तिरक्या रेघेवर टांगायचा. 'ओन्ली' मी मुलींखाली टांगला.

"हे काय, शेवग्याचं झाड?" काका म्हणाले. "शेंगा टांगून घर मिळतं होय गं?"

वकील म्हणाले, "बाई, कोर्टात फळा नसतो."

"तरीच तिथे निकालाला वर्षं लागतात," मी म्हणाले.

मिसना विचारले. त्या म्हणाल्या, "इंग्रजी तो शब्द दोन्हीकडे टांगू देते, चाइल्ड. तुझ्या वडिलांनी टांगू दिला नसता." ज्या भाषेत एवढासा शब्द असा मोकाट फिरतो, तिच्या भरवशावर घर ठेवू नये, हे मी तेव्हा शिकले.

तेव्हापासून काका माझी धाकटी बहीण वसुमती हिच्यासाठी स्थळामागून स्थळ आणत आहेत. तिचे कॉलेज सुटले की दुसराही अर्धा भाग आपला, असा त्यांचा हिशेब.

म्हणून व्यवस्था अशी:

१. काकांना वरील आकृती, काचेची चौकट करून. बैठकीत, ते वर्तमानपत्र वाचतात त्या खुर्चीसमोर लावावी.

२. मला पाहून गेलेल्या इंजिनिअरांना माझे इंग्रजी व्याकरण. 'मुलगी जास्त शिकलेली' असा नकार त्यांनी इंग्रजीत कळवला होता. त्या एका ओळीत कर्ता एकवचनी आणि क्रियापद अनेकवचनी होते.

३. फळा, लाकडी पट्टी आणि बांगड्या वसुमतीला. बांगड्या घालाव्यात किंवा मोडाव्यात.

मिस रिबेरोंना काही ठेवलेले नाही. साक्षीदाराला काही घेता येत नाही.

४. घर. इथे मी आधी लिहिले होते, 'वसुमतीने पदवी पूर्ण केल्यास.' तिने वाचले आणि विचारले, "अक्का, मी नापास झाले तर काकांकडे जाऊ का गं?" मी ते खोडले. अण्णांनीही शिक्षण हा शब्द मायेनेच घातला होता.

माझा अर्धा भाग वसुमतीलाच. शिकली तरी, न शिकली तरी. लग्न केले तरी, न केले तरी. तिने शिकावे असे मला फार वाटते, पण ते या वाक्यात कुठेही टांगलेले नाही. मराठीतला 'च' ज्या शब्दाचा, त्यालाच चिकटून बसतो. हा वसुमतीला चिकटवला आहे. काकांनी ओढून पाहावा.

सही: अहल्या बिंदुमाधवराव

साक्षीदार:
ग्रेस रिबेरो, निवृत्त शिक्षिका, व्हाइटफील्ड. मजकूर मराठीत असल्याने वाचता आला नाही. सही माझ्यादेखत झाली.
शिवाप्पा, निवृत्त पोस्टमास्तर, शेजारी. सही माझ्यादेखत झाली.

बसवनगुडी, बंगळूर
शुक्रवार, ७ जून १९६३