भिंगरीचे काळे दात

१४ सप्टेंबर, दुपार
दवाखान्यातून

धाकटे,

बरी असशील असं धरून चालते. मागची दोन पत्रं तू न फोडता परत पाठवलीस, म्हणून या वेळी पाकिटावरचा पत्ता कंपाउंडरबाईंकडून लिहून घेतला. त्यांचं अक्षर तुला ओळखता येणार नाही. फसून का होईना, पाकीट फोडलंस. आता वाच.

इकडचं म्हणशील तर ठीक. दवाखान्यातली जुनी खुर्ची काढून नवी बसवली. माझी कंबर धरते. आई आहे तशीच आहे. ती तुझा विषय काढत नाही, मीही काढत नाही, त्यामुळे आमचं बरं चाललंय. तू परगावी नोकरी धरलीस, एकटीच एका खोलीत राहतेस, एवढं कानावर आलं. स्वयंपाकाचा तुला पहिल्यापासून कंटाळा. वजन उतरलं असेल. वजन उतरलं की तुझं नाक फार मोठं दिसतं.

हे बघ, असं होतं माझं. मुद्द्याचं लिहायला बसते आणि आधी तुला टोचून घेते. चार ओळी खोडाव्यात असं वाटलं होतं, पण राहू दे. मी कशी आहे ते तुला दिसलेलं बरं.

तुझी भिंगरी आता सात वर्षांची झाली. उंच झाली आहे. खालचे पुढचे दोन दात पडून नवे आले, आणि मागे चारही कायमच्या दाढा आल्या. त्या दाढांबद्दल लिहायचं आहे. पण त्याआधी दुधाच्या दातांबद्दल.

तुला आठवतंय, ती अडीच वर्षांची असताना तू तिला माझ्याकडे घेऊन आली होतीस. "ताई, हिच्या दातांवर खडू घासल्यासारखे पांढरे डाग दिसतात गं." मी वाऱ्याच्या नळीनं दात कोरडे करून पाहिले. डाग होते. तुला मी म्हणाले, वरचं कवच कच्चं आहे, पण अजून खड्डा पडलेला नाही, सावरता येईल. दर तीन महिन्यांनी मी फ्लोराइडचा लेप लावायचा आणि घरी तू रोज झोपायच्या आधी पेस्ट चोळायचीस, चूळ भरू द्यायची नाही, गोड चिकट काही द्यायचं नाही. तू फ्रिजवर कॅलेंडर लावून रोजची खूण करायचीस. वर्षभरात डाग घट्ट झाले, त्यांना चकाकी आली. इतकी नेमानं करणारी आई मी माझ्या वीस वर्षांत क्वचित पाहिली. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही. आता सांगते.

मग तुझं आणि तुझ्या नवऱ्याचं बिनसलं, आणि भिंगरीला त्यानं चार महिने स्वतःकडे ठेवून घेतलं. त्या चार महिन्यांत लेप नाही, पेस्ट नाही. हट्ट केला की बिस्किट, रडली की रसाची बाटली. वरचे पुढचे चार दात खचले ते तिथे, त्याच्या घरी. माझ्या वहीत तारखा आहेत. तिला तिकडे नेलं त्याच्या आदल्या आठवड्यात मीच लिहून ठेवलंय, "दात उत्तम."

आणि तिच्या ताब्याच्या खटल्यासाठी दिलेल्या दाखल्यावर मी काय लिहिलं? "आईने रात्री तोंडात दुधाची बाटली ठेवल्यामुळे व दीर्घकाळ केलेल्या हलगर्जीपणामुळे." तो दाखला तू कोर्टात ऐकलास. माझ्याच तोंडून ऐकलास. तेव्हा तुला वाटलं असेल, ताईची डॉक्टर म्हणून चूक झाली. तू मला बाहेर येऊन एवढंच म्हणालीस, "ताई, मी बाटली दहाव्या महिन्यात सोडवली होती. तुला माहीत आहे." मला माहीत होतं.

चूक झाली नव्हती. आता पुढचं वाच.

कीड थांबवायचं एक औषध असतं. थेंबभर ब्रशनं लावायचं, दुखत नाही, सुई नाही, घासणं नाही. कीड जागच्या जागी मरते. फक्त जिथे दात कच्चा किंवा किडलेला असतो तिथे ते कोळशासारखं काळं पडतं. म्हणून पुढच्या दातांना लावताना आम्ही आईबापांना आधी फोटो दाखवतो, विचारतो, आणि नंतर वरून पांढरं भरून देतो. कोर्टाची तारीख गुरुवारी होती. मंगळवारी मी भिंगरीच्या वरच्या चारही दातांना ते औषध लावलं. वरून पांढरं भरलं नाही. "चार दिवस असंच राहू दे," असं तिच्या बापाला सांगितलं. तो माझ्याकडे बघून हसला, म्हणजे त्याला समजलं होतं.

कोर्टाच्या बाहेरच्या व्हरांड्यात तुला पाहून भिंगरी हसली. तिचे चार काळे दात तू पाहिलेस, खाली बसलीस, आणि रुमालानं पुसायला लागलीस. घाण लागली असावी असं तुला वाटलं. निघेना तशी जोरात पुसायला लागलीस. पोर किंचाळली. सगळे वळून बघायला लागले, त्याचा वकीलसुद्धा. आत गेल्यावर त्यानं तेच सांगितलं: आईचा हात कसा चालतो ते सगळ्यांनी पाहिलं आहे. मी शेजारी उभी होते. एक वाक्य बोलले असते तर तुझा हात थांबला असता.

निकाल लागला त्याच्या आठव्या दिवशी मी ते चारही दात पांढरे करून दिले. अर्ध्या तासाचं काम.

का केलं, असं विचारशील. त्यानं मला शब्द दिला होता: भिंगरी आमच्याकडे राहिली की शाळा सुटल्यावर रोज तुमच्याकडे येईल. तुझ्याकडे राहिली असती तर तू तिला महिन्यातून एकदा आणली असतीस, तेही चहा पिऊन निघायच्या घाईत. अडीच वर्षं ती रोज आली. या खुर्चीत बसून तिनं अभ्यास केला, माझ्या आरशानं स्वतःची जीभ पाहिली, कंपाउंडरबाईंच्या डब्यातलं खाल्लं. एकदा चुकून मला "आई" म्हणाली. मी तिला दुरुस्त केलं नाही.

ती विचारायची, "मावशी, माझेच दात असे का?" मी म्हणायचे, "तुझ्या आईनं लक्ष दिलं नाही ना." म्हणून ती रविवारच्या भेटीला यायला नाही म्हणायला लागली. तू त्यांच्या घराबाहेरच्या बाकावर दोन-दोन तास बसून परत जायचीस, हे मला माहीत होतं. तू गाव सोडलंस तेव्हा मी त्या दिवशी दुपारी भिंगरीला वेणी घालून दिली आणि मला बरं वाटलं.

जूनमध्ये त्यानं दुसरं लग्न केलं. नवी बाई घरीच असते, तेव्हा भिंगरीचं माझ्याकडे येणं बंद झालं. आणि तिनं पोरीला दाखवायला दुसरा दवाखाना निवडला. तिथली डॉक्टर तरुण आहे, माझ्या हाताखाली शिकलेल्यांच्याही नंतरची. मागच्या सोमवारी तिचा फोन आला.

"मॅडम, जुनी नोंद मिळेल का? हिच्या कायमच्या दाढांवरही तेच डाग आहेत. या दाढांनी तर बाटली पाहिलेलीच नाही."

"मग?"

"मग कवच मुळातलंच कच्चं आहे. सातव्या महिन्यातला जन्म आहे ना? तुम्ही बाटली आणि हलगर्जीपणा कशावरून लिहिलंत?"

मी म्हणाले, नोंद शोधते.

"शोधा," ती म्हणाली. "माझ्या कागदावर मी दिसतंय तेच लिहिणार आहे."

भिंगरी अजून रोज येत असती तर हे पत्र मी लिहिलं असतं का? नाही. त्या पोरीनं फोन केला नसता तर? तरीही नाही. पश्चात्तापानं झोप उडाली वगैरे तू वाचायची अपेक्षा करू नकोस. मी छान झोपते.

काल मी त्याच्या घरी गेले. खरं काय ते लिहून नेलं होतं. त्यानं वाचलं, घडी घातली, माझ्या हातात परत दिलं. "ताई, तीन वर्षांनी? हे दाखवलंत तर दवाखान्याला कुलूप लागेल तुमच्या. आणि पोर तर आता तिचं नावही काढत नाही." मग चहा ठेवायला सांगायला आत गेला.

भिंगरी टेबलाशी चित्र रंगवत होती. मला पाहून सवयीनं तिनं तोंड उघडलं. मी म्हणाले, "मीट तोंड. ऐक. तुझे दात आईमुळे खराब झाले नाहीत. ते जन्मापासूनच कच्चे होते. तुझ्या आईनं ते सावरत आणले होते. आणि काळे केले ते मी."

तिनं पेन्सिल खाली ठेवली. रडली नाही.

"मग रविवारी आई बाहेर बाकावर रडायची, ते खरं रडायची?"

"हो."

"बाबा म्हणायचे, नाटक करते." तिनं चित्र पालथं घातलं. "मी खिडकीतून बघायचे आणि पडदा ओढून घ्यायचे."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले. तिनं डोकं बाजूला घेतलं.

सोबत तीन कागद आहेत. तारखा असलेलं वहीचं पान, औषध लावल्याची मंगळवारची नोंद, आणि माझा कबुलीजबाब, सहीनिशी. प्रती ठेवल्या नाहीत. माझी दया येऊन हे कागद जपून ठेवू नकोस, वकिलाकडे दे. मला बोलावलं तर येईन आणि सगळ्यांसमोर हेच सांगेन. माफी मागत नाही. द्यायची की नाही याचा विचार करत तू आणखी एक दिवस माझ्यावर घालवावास, एवढी माझी लायकी नाही.

दाढांना लेप सुरू करायला हवा, महिन्याच्या आत. त्या तरुण डॉक्टरकडूनच करून घे. मला हात लावू देऊ नकोस.

तुझ्या लेकीचे दात जिनं काळे केले ती,
तुझी सख्खी बहीण