मेथीचा वाफा आणि हरणांशी तह

४ सप्टेंबर २००६
मेथी खलास. हरणांनी मुळासकट ओरबाडली. आमची रेणू या अमेरिकन लष्करी तळावर वन्यजीव अधिकारी. शिकारीचे, मासेमारीचे परवाने तीच देते. म्हटलं, एक परवाना बापाच्या वाफ्यासाठी काढ. तर म्हणे सीझन नोव्हेंबरात, आणि क्वार्टर्सजवळ गोळी चालवता येत नाही. घरचा अधिकारी असून काय चाटायचाय?

७ सप्टेंबर
हिंगाचं पाणी शिंपडलं. मेल्यांनी अळूही फस्त केलं. फोडणी आवडली असावी.

८ सप्टेंबर, सकाळी
रेणूची पोस्ट पर्मनंट व्हायची आहे. २२ला कमिटी येणार. हरणं धावपट्टीवर येतात, विमानांना धोका. ती हटलेली दिसली की काम फत्ते. मला बजावून गेली, बाबा, प्लीज, तुम्ही काही करू नका. पोर थकली आहे. मलाच काहीतरी करायला हवं.

१२ सप्टेंबर
शिळ्या पोळ्या, भाजीची देठं, गूळ. कुंपणाला एक भगदाड आहे, त्यातून पलीकडच्या गवतावर नेऊन ठेवलं. जागा झकास. लांब, सपाट. मधूनमधून विमान जातं तेवढंच. हरणांना खायला घालायला बंदी आहे म्हणतात. पण हे खायला घालणं नव्हे. हा तह.

१७ सप्टेंबर
वाफ्यात एक खूर नाही! थाळी वाजवली की टोळकं हजर. त्यातला शिंगाड्या पक्का लाचखाऊ, खिशातच तोंड घालतो. इकडे रेणू हैराण. हरणं अचानक धावपट्टीकडे का वाढली, कळत नाही म्हणे. रोज फटाके लावून हाकलते. तिची पद्धतच चुकते. तहाचं आत्ता सांगत नाही. कमिटीसमोर सरप्राइज.

२२ सप्टेंबर, दुपारी
रेणूनं पहाटेपासून राबून धावपट्टी मोकळी केली होती. कमिटी खूश. म्हटलं, नमस्कार करून यावं. भगदाडातून आत शिरलो. शिंगाड्यानं मला पाहिलं. झाडीतून सगळी फौज धावत धावपट्टीवर, माझ्याभोवती. मोठ्या साहेबांनी रेणूला विचारलं, हा माणूस कोण. तिनं माझ्या खिशात तोंड घातलेल्या शिंगाड्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "माय फादर."

३० सप्टेंबर
पोस्ट गेली. माझा तळावरचा पासही. रेणू मला नेपरव्हिलला, तिच्या भावाकडे, उल्हासकडे सोडायला निघाली. वाटेत चहाला थांबलो. कपाकडे बघत म्हणाली, "बाबा, तुम्ही खरंच काही केलं नसतं ना, तर पोस्ट मिळाली होती."
चहा पाणचट होता. तरी सगळा प्यायलो.