वेळ अमावास्येचा पास

मैंदर्गी,
ता. ५ डिसेंबर १९७६

चि. सौ. मल्लव्वास,
थोरल्या जावेचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. दुकान चाललंय, ह्यांचे गुडघे तेवढे कुरकुरतात. तुझ्या लेकीचा खोकला गेला का? मागे तू तोंडावर म्हणालीस, "अक्का, माज्या पोरीला तुमी कदी नावानं बोलवत न्हाई." तेव्हा मी उठून चुलीकडे गेले.

गुरुबसप्पा भाऊजींचं पत्र वाचून माझा संताप झालाय. मला गोड बोलता येत नाही, तेव्हा आधीच सांगते.

आपलं शेत लष्कराने धावपट्टीसाठी घेतलं तेव्हा तू माहेरी परकर नेसून हुंदडत होतीस. तेव्हापासून दर वेळ अमावास्येला, रानातल्या पूजेला, मी आत जात आले. फाटकावर शिपाई कोणीही असो, डोक्यावरचं आंबिलीचं मडकं बघितलं की सोडायचा. मानसिंग नावाचा एक तर बाजरीचे उंडे मागून घ्यायचा. पट्टीच्या टोकाला आपल्या बोरीखाली कडब्याची कोप उभी करायची, आत पाच दगडांचे पांडव पुजायचे, आंबील शिंपायची, भज्जी-भाकरी खायची. शेत गेलं, पण सण माझ्याकडे राहिला.

आता लष्कर गेलं, विमानतळ झाला, मुंबईचं विमान येणार म्हणे. भाऊजी तिथे गवत काढायच्या कामाला लागले आणि अमावास्येला आत जायला घरटी एकच पास निघाला, तो तुझ्या नावाने. वर लिहितात, "वैनी, तुमी लांब ऱ्हाता, मल्लव्वा हितंच हाय की." हाय की! लई सोय झाली!

मला तुझा हेवा वाटतो. क्वार्टर मिळाली त्याचा नाही, दारात विमान उतरेल त्याचाही नाही. भांडी घासता घासता मान वर केलीस की तुला ती बोर दिसते, त्याचा. तुला तिचं काय गं? गोधड्या वाळत घालताना पाठ करत असशील तिच्याकडे.

भाऊजींनी शेवटी सहज लिहिलंय, संक्रांत झाली की पट्टी लांबवणार, बोर तोडून तिथली माती उकरणार. म्हणजे ही शेवटची अमावास्या. म्हणून पास मला हवा आहे.

शेत गेलं त्याच्या आदल्या वर्षी मला मुलगी झाली होती. बारशाआधीच गेली. मामंजींनी तिला बोरीखाली पुरलं आणि घरात पुन्हा विषय निघाला नाही. भाऊजी लहान होते, त्यांना आठवत नसेल. आंबील शिंपताना वाटीभर मी तिथे ओतत आले. सगळ्यांना वाटायचं, हिच्या हातून सांडतं.

पास बदलून मिळत नसेल तर तू जा. बोरीच्या उगवतीला दोन दगड आहेत, त्यांच्या मधे ओत. घाई करू नकोस, आणि तिला हाक मार. तिचं नाव मी मनात ठेवलं होतं, ह्यांनाही सांगितलं नाही. नेमकं तेच तू तुझ्या लेकीचं ठेवलंस. म्हणून मी बारशाला आले नाही. लोक म्हणाले, चंद्रव्वा जळते. जळतच होते. तू दिवसभर ते नाव अंगणात मोठ्याने घेतेस.

पोरीला थंडीत बाहेर सोडू नकोस. पासाचं काय ते कळव.

गिरिजेची आई,
चंद्रव्वा